पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्रात मूलभूत संकल्पना तपासणारी चाचणी कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका नव्या शिक्षिकेला सत्राच्या सुरुवातीला एक चाचणी घ्यायची आहे. वर्गात मराठी, गुजराती, हिंदी अशी सगळ्या घरांतली मुलं आहेत. काही गुजराती माध्यमातून आलेली, काही इंग्रजी. बारावीचे गुण चांगले, नीटचे जुने प्रश्नही बऱ्यापैकी सुटतात. पण ‘झाडं रात्री काय करतात’ असं साधं विचारलं की वर्ग गप्प. मग संकल्पना कळली आहे की नाही हे दाखवणारे प्रश्न कसे करायचे, किती घ्यायचे, आणि आलेल्या गुणांचं काय करायचं?

नीटचे जुने प्रश्न आधी बाजूला ठेवा. ते वाईट आहेत असं नाही, त्यांचं काम निराळं आहे. १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यांतले ९० जीवशास्त्राचे, चुकीला एक गुण वजा. ही मांडणी लाखो मुलांचा क्रम लावण्यासाठी आहे आणि तिथे मिनिटभरात आठवेल तेच कामी येतं. तुम्हाला क्रम लावायचा नाही. मूल चुकतं तेव्हा ते नेमकं काय समजून चुकतं, हे तुम्हाला हवं आहे. म्हणून तुमच्या चाचणीत बरोबर पर्यायापेक्षा तीन चुकीचे पर्याय जास्त मोलाचे, आणि मेहनतीचा मोठा भाग त्यांच्यावरच खर्च व्हायला हवा.

हे चुकीचे पर्याय टेबलाशी बसून सुचत नाहीत. शिक्षकाने मनाने रचलेला पर्याय बहुधा इतका उघड चुकीचा असतो की त्याला कोणी हातच लावत नाही, आणि चार पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात दोनच पर्यायांचा उरतो. ते मुलांकडूनच गोळा करायचे. तासाची शेवटची दहा मिनिटं घ्या, प्रत्येकाला अर्धा कागद द्या, नाव लिहायचं नाही. फळ्यावर एकच प्रश्न. तीन-चार ओळींत कारणासह उत्तर, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, मिसळ केली तरी चालेल. पन्नास-साठ कागद पुरतात. नंतर बसून गठ्ठे करायचे: सारख्या विचाराची उत्तरं एकत्र, भाषा कुठलीही असो. चार ते सहा गठ्ठे पडतात आणि त्यातले मोठे तीन हेच तुमचे चुकीचे पर्याय. शब्दही शक्यतो मुलांचेच ठेवायचे. पुस्तकी भाषेत घोटून गुळगुळीत केलेला पर्याय मुलाला ओळखीचा वाटत नाही.

एक प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवून दाखवतो, म्हणजे अडचणी कुठे येतात ते दिसेल.

कमाटी बागेतल्या एखाद्या जुन्या वडाची मोठी फांदी वादळात पडली. तिचं १०० किलो वजन कशापासून बनलं? फळ्यावर हा प्रश्न टाकला की साधारण असे गठ्ठे येतात: मुळांनी मातीतून घेतलेल्या क्षारांपासून आणि खतापासून, पाण्यापासून, सूर्यप्रकाशापासून, कारण प्रकाशाचं अन्न होतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून. शेवटचा गठ्ठा लहान असतो, आणि त्यातही पुढची ओळ बऱ्याचदा ‘पण वायूला वजन नसतं, त्यामुळे थोडंच’ अशी असते. ही ओळ सोन्याची समजा. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडपाठ असूनही झाडाचं वजन मातीतून आलं असं मूल का म्हणतं, त्याचं कारण या एका ओळीत आहे.

आता प्रश्नातली चूक. फांदी ताजी असेल तर तिच्या वजनाचा बराच मोठा भाग खरोखरच पाणी असतो आणि ‘पाणी’ म्हणणाऱ्याला चूक देता येत नाही. त्यामुळे ‘पूर्ण वाळवल्यावर १०० किलो भरलेली’ हे शब्द घालावेच लागतात. वाळलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन, ४३-४४ टक्के ऑक्सिजन, ६ टक्के हायड्रोजन आणि जाळल्यावर उरणारी राख एखादा टक्का. कार्बन आणि त्याच्याबरोबरचा ऑक्सिजन हे दोन्ही कार्बन डायऑक्साइडमधून येतात, कारण प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा असतो. हायड्रोजन पाण्यातून. म्हणजे १०० किलोंतले नव्वदहून जास्त हवेतून आले, मातीने दिले ते राखेएवढे. ‘पाणी’ या पर्यायाला हसू नका. शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँटने विलोचं ५ पौंडांचं रोप २०० पौंड मातीत लावून पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं आणि माती जेमतेम दोन औंस घटली. मातीची बाजू त्याने निकालात काढली, पण सगळं वजन पाण्याचं असा निष्कर्ष काढला. १६४८ मध्ये छापलेली ती चूक आजही वर्गात अर्धा डझन कागदांवर सापडते.

पर्याय ठरले तरी एकटा प्रश्न पुरत नाही, कारण ‘कार्बन डायऑक्साइड’ हे उत्तर पाठ असू शकतं. इथे दुमजली प्रश्न कामाला येतो. पहिल्या मजल्यावर उत्तर, दुसऱ्यावर चार कारणांपैकी एक. दोन्ही बरोबर असतील तरच गुण. चार गुणिले चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने गुण मिळण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून सव्वासहा टक्क्यांवर येते. वडाच्या प्रश्नात दुसऱ्या मजल्यावर ‘कार्बन डायऑक्साइडमधले अणू साखरेत आणि पुढे सेल्युलोजमध्ये जोडले जातात’ याच्या शेजारी ‘कार्बन डायऑक्साइड झाडाला ऊर्जा देतो आणि त्या ऊर्जेचं लाकूड होतं’ हे ठेवा. पहिल्या मजल्यावर बरोबर आलेली बरीच मुलं इथे घसरतात. ऊर्जेचं वस्तुमान होतं ही समजूत जीवशास्त्राच्या वर्गात फार खोल रुजलेली आहे आणि ‘अन्न म्हणजे ऊर्जा’ असं सैलपणे बोलून ती आपणच रुजवलेली असते.

याच संकल्पनेचे आणखी दोन प्रश्न वेगळ्या वेषात द्या. एक माणसाचा: कोणी १० किलो चरबी घटवली, ती गेली कुठे? घामातून, उष्णता होऊन, स्नायूंत बदलून, असे पर्याय आपसूक मिळतात. हिशोब केला तर १० किलोंपैकी साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर जाते आणि १.६ किलो पाण्याच्या रूपात. दुसरा मुगाचा: दहा-दहा ग्रॅम मुगाचे दोन भाग, एक लगेच ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवला, दुसरा भिजवून अंधाऱ्या कपाटात पाच दिवस मोड आणून मग तसाच वाळवला. कोणाचं वजन कमी? मोड बोटभर लांब झालेले बघून मुलं ठामपणे ‘मोडाचं जास्त’ म्हणतात. खरं उत्तर कमी, कारण अंधारात प्रकाशसंश्लेषण नाही आणि श्वसनात साठा खर्च झाला. इथे पहिला, लगेच वाळवलेला भाग गाळू नका. कोरड्या दिसणाऱ्या कडधान्यातही दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. तुलना नुसत्या ‘१० ग्रॅम’शी ठेवली तर हुशार मुलगी म्हणेल की वजन ओलावा गेल्यामुळे घटलं, आणि तिचं बरोबर असेल.

वडाला बरोबर, चरबीला चूक, मुगाला चूक असा नमुना दिसला की वाक्य पाठ आहे, संकल्पना नाही. तिन्ही बरोबर असतील तर पुढे जा. एका संकल्पनेला किमान तीन, शक्य तर चार प्रश्न आणि संदर्भ वेगवेगळे, हा नियम मी सगळ्यात वर ठेवीन. एकाच प्रश्नावरून कुणालाही ‘कळलंय’ म्हणू नये.

संकल्पना कुठल्या घ्यायच्या यावर फार डोकं शिणवू नका. अमेरिकेत २०११ मध्ये पदवीच्या जीवशास्त्रासाठी पाच गाभ्याच्या संकल्पना ठरवल्या गेल्या आणि त्या आपल्याकडेही चालतात: उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवाह, ऊर्जा आणि द्रव्याचं रूपांतर, आणि प्रणाली म्हणून सजीव. पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न बसतात, म्हणजे सत्राच्या सुरुवातीला सहा संकल्पना गुणिले चार. यादी या पाचांच्या आधाराने तुमच्या अभ्यासक्रमातून काढा: द्रव्य आणि ऊर्जा, पेशीपटल आणि परासरण (पटलातून पाण्याची ये-जा), पेशीविभाजन, जनुक ते प्रथिन, आनुवंशिकता, नैसर्गिक निवड. तयार चाचण्याही आहेत. नैसर्गिक निवडीची २० प्रश्नांची २००२ सालची, आनुवंशिकतेची २५ प्रश्नांची २००८ सालची, रेणू आणि पेशीची २४ प्रश्नांची २०१० सालची. त्या जरूर वाचा, पण जशाच्या तशा वापरू नका. नैसर्गिक निवडीच्या चाचणीत गालापागोसच्या फिंच, व्हेनेझुएलाचे गप्पी मासे आणि कॅनरी बेटांचे सरडे आहेत. गुजराती माध्यमातून आलेला मुलगा निवडीपर्यंत पोचण्याआधीच बेटांच्या नावांत अडकतो, आणि तुम्ही त्याचं इंग्रजी वाचन तपासून बसता.

परासरणाचे प्रश्न करताना एक खास सापळा टाळा. सेव-उसळीचे वाटाणे रात्रभर भिजवले की फुगतात, हे उदाहरण हाताशी असतं म्हणून सगळे घेतात. कोरड्या दाण्याने पाणी शोषणं हे सुरुवातीला मुख्यतः अंतःशोषण असतं, स्टार्च आणि प्रथिनांनी पाणी ओढून धरणं. मेलेला दाणासुद्धा फुगतो. परासरणासाठी बटाट्याच्या सारख्या मापाच्या कांड्या घ्या आणि सुक्रोजची द्रावणं ०, ०.२, ०.४, ०.६ मोलर (०.२ मोलरला १०० मिलिलिटरमध्ये ६.८४ ग्रॅम). वजनातल्या बदलाची आकडेवारी देऊन विचारा की कोणत्या द्रावणात वजन बदलणार नाही, आणि त्या द्रावणात पाण्याचे रेणू काय करत असतात. ‘पाणी आत-बाहेर जाणं थांबतं’ हा पर्याय बघता बघता सगळ्यांत लोकप्रिय होतो. सत्राच्या शेवटी वरच्या पातळीचा एक प्रश्न ठेवता येईल: तांबड्या पेशी ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात नीट राहतात, मग १.८ टक्के युरियात, जिथे कणांची संख्या जवळजवळ तेवढीच आहे, त्या का फुटतात? युरिया पटलातून आत शिरतो, मागोमाग पाणी. ज्याने फक्त ‘आयसोटॉनिक म्हणजे सारखी तीव्रता’ एवढं पाठ केलं आहे तो इथे उघडा पडतो. पहिल्या दिवशी मात्र हा प्रश्न देऊ नका, तो अन्याय होईल.

पेशीविभाजनाला पर्यायी प्रश्नापेक्षा आकडे आणि चित्र बरं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड प्रत्येकाने केलेली असते, तेव्हा तिथूनच विचारा: कांद्यात गुणसूत्रं १६. मेटाफेजमधल्या एका पेशीत गुणसूत्रं किती, क्रोमॅटिड (दुप्पट झालेल्या गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एकेक) किती, डीएनएचे रेणू किती? अॅनाफेजमध्ये? (१६, ३२, ३२, मग गुणसूत्रं ३२, डीएनएचे रेणू ३२.) तिसरा आकडा महत्त्वाचा, कारण पहिले दोन क्लासमध्ये घोकून घेतलेले असतात. अर्धसूत्री विभाजनासाठी चार गुणसूत्रांची पेशी द्या, एका जोडीवर मोठा ए आणि छोटा ए अशी दोन अलीलं (एकाच जनुकाची दोन रूपं), आणि पहिल्या मेटाफेजचं चित्र काढायला सांगा. बघायचं एकच: एकाच गुणसूत्राच्या दोन भगिनी क्रोमॅटिडांवर वेगवेगळी अलीलं काढली आहेत का. काढली असतील तर ‘क्रोमॅटिड म्हणजे आईचं एक आणि बापाचं एक’ असा घोटाळा आहे आणि पुढची सगळी आनुवंशिकता त्यावरच उभी राहणार आहे. अदलाबदलीमुळे तसं होऊ शकतं म्हणून प्रश्नात ‘क्रॉसिंग ओव्हर झालेलं नाही असं धरा’ लिहायला विसरू नका.

आनुवंशिकता आणि जनुकाचा प्रवाह यांसाठी मी सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार निवडीन. वडोदऱ्याला पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यातून बरीच मुलं शिकायला येतात, २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत तपासण्याही चालू आहेत, म्हणजे विषय कानावर असतो. आणि एवढी स्वच्छ साखळी दुसऱ्या कुठल्या उदाहरणात क्वचितच मिळते: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सहाव्या जागी जनुकाच्या संदेशात जी-ए-जी ऐवजी जी-यू-जी ही अक्षरं, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे धागे, मग विळ्याच्या आकाराची पेशी. या संदर्भावर चार पर्यायांचा प्रश्न करू नका. विधानं द्या आणि प्रत्येकापुढे खरं की खोटं असं मागा. पर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर निवडलेलं मूल त्याच वेळी दोन चुकीच्या गोष्टीही खऱ्या मानत असतं आणि ते तुम्हाला कधी कळत नाही. विधानांत ते लपत नाही. असा संच (वाहक म्हणजे ज्याच्याकडे एक सामान्य आणि एक बदललेलं अलील आहे तो):

‘दोघंही वाहक असलेल्या, स्वतः निरोगी अशा जोडप्याला तीन निरोगी मुलं आहेत. (१) चौथ्या मुलाला आजार असण्याची शक्यता आता चारात एकपेक्षा जास्त झाली आहे. (२) वाहकाच्या तांबड्या पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं. (३) वाहकाच्या मेंदूच्या पेशीत बीटा ग्लोबिनचं जनुक असतं. (४) वाहकाच्या रक्तात फिरणाऱ्या पक्व तांबड्या पेशीत ते जनुक असतं. (५) सामान्य अलील प्रभावी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्याचं प्रमाण आपोआप वाढत जातं. (६) मलेरियापासून वाचण्याची गरज पडली म्हणून शरीराने हा बदल घडवला.’

दोन आणि तीन खरी, बाकी खोटी. तिसरं-चौथं ही जोडी मुद्दाम लागोपाठ ठेवली आहे. ‘प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, वापरली वेगवेगळी जातात’ हे ज्याला कळलं तो तिसऱ्यावर अडत नाही, आणि पक्व तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं हे ज्याच्या डोळ्यांसमोर आहे तो चौथ्यावर. दोन्ही बरोबर आले तर त्याने आठवलेलं नाही, विचार केला आहे. पाचव्या विधानावर चांगल्या गुणांची मुलंही पडतात. त्यांना नंतर विचारा की ओ रक्तगट अप्रभावी असून इतका सर्रास कसा, आणि हाताला सहावं बोट बऱ्याचदा प्रभावी अलीलमुळे येतं तरी इतकं दुर्मीळ का. दुसऱ्या विधानावर वाद होईल: ‘आजार अप्रभावी आहे, मग दोन्ही हिमोग्लोबिन कसं?’ आजाराच्या पातळीवर अप्रभावी, प्रथिनाच्या पातळीवर दोन्ही सहप्रभावी. हा वाद होऊ द्या, तासभर गेला तरी वसूल आहे.

एक काळजी मात्र घ्यायची. वर्गात कोणी वाहक असू शकतं. प्रश्नात समाजाचं, जमातीचं नाव नको, आणि कोणाकोणाची तपासणी झाली आहे असं विचारायचंही नाही.

नैसर्गिक निवडीबद्दल थोडक्यात. क्षयाच्या औषधाचं उदाहरण घ्या आणि ‘अर्धवट औषध घेतल्याने जंतू हळूहळू औषधाला सरावतात’ हा पर्याय मुलांच्याच शब्दांत ठेवा. बोलीभाषेत आपण सगळेच असं बोलतो, म्हणून तो फार ओढतो. बरोबर पर्यायात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: प्रतिकारक जंतू औषधाच्या आधीपासून थोड्या संख्येने होते, आणि बदललं ते जंतूंच्या समूहातलं प्रमाण, एकेक जंतू नव्हे. प्रतिकार देणारं उत्परिवर्तन (जनुकातला आपसूक बदल) निवडीच्या आधीच झालेलं असतं हे शास्त्रज्ञ लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर, औषधाऐवजी जिवाणूभक्षी विषाणू वापरून दाखवलं, त्यांची आकडेवारी सोपी करून वरच्या पातळीचा प्रश्न होतो.

आता लिहिण्यातल्या चुका, कारण चांगल्या प्रश्नाची माती इथेच होते. बरोबर पर्याय सगळ्यांत लांब होतो, कारण तो अचूक करण्याच्या नादात आपण अटी जोडत जातो. क्लासमध्ये तयार झालेली मुलं हे हुंगून काढतात. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असलेला पर्याय ती वाचतच नाहीत. ‘वरीलपैकी सर्व’ पूर्ण बंद करा. भारतीय भाषांत आणखी एक फट असते, ती इंग्रजी पुस्तकं सांगत नाहीत: वाक्य ‘…बाहेर पडतो’ असं संपलं आणि पर्याय पाणी, साखर, ऑक्सिजन असे असले तर लिंगावरूनच उत्तर कळतं. गुजरातीत वर्तमानकाळात हे होत नाही, पण भूतकाळी रूपांत तीच गत. वाक्य मोडून ‘बाहेर काय पडतं?’ असं विचारा. प्रश्नपत्रिका गुजराती आणि इंग्रजी समोरासमोर छापा. वडोदऱ्यातली मराठी मुलं गुजराती वाचतातच. कारण लिहायच्या जागी मात्र कुठलीही भाषा चालू द्या.

उणे गुण ठेवू नका. त्याऐवजी प्रत्येक उत्तरापुढे तीन खुणा: खात्री आहे, वाटतं, अंदाज. खात्रीने चुकलेलं आणि अंदाजाने चुकलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंदाजवाल्याला शिकवायचं असतं, खात्रीवाल्याच्या डोक्यात आधीपासून जे आहे ते आधी हलवायला लागतं, आणि त्यासाठी निव्वळ व्याख्यान पुरत नाही.

चाचणी वर्गात नेण्याआधी सहा-आठ मुलांना, बरं म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, एकेकाला बसवून प्रश्न मोठ्याने वाचत सोडवायला सांगा. तुम्ही बोलायचं नाही. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर आणि बरोबर कारणाने चुकीचं उत्तर, दोन्ही इथे सापडतात. हा टप्पा सगळे वगळतात आणि मग वर्षभर एका वाकड्या शब्दाचे परिणाम मोजत बसतात.

झाल्यावर हिशोब. शंभर मुलं असतील तर एकूण गुणांनी क्रम लावून वरची २७ आणि खालची २७ वेगळी काढा. एका प्रश्नाला १०० पैकी ४१ बरोबर असतील तर काठिण्यमूल्य ०.४१. वरच्या गटात १९ आणि खालच्यात ६ बरोबर, तर भेदनमूल्य (प्रश्न वरच्या आणि खालच्या गटाला किती वेगळं करतो ते) म्हणजे फरक १३ भागिले २७, म्हणजे ०.४८, उत्तम. ०.३ च्या वर असेल तर ठेवा, ०.२ च्या खाली दुरुस्त करा. वरचे १२ आणि खालचे १४ आले, मूल्य उणे झालं, तर आधी उत्तरसूची तपासा, मग शब्दरचना: वरच्या गटाने एकमुखाने कुठला चुकीचा पर्याय उचलला ते बघितलं की दोष बहुधा लगेच दिसतो. पाच टक्क्यांहून कमी मुलांनी उचललेला पर्याय काढून गठ्ठ्यांतून नवा आणा. सुरुवातीच्या चाचणीत ०.२ किंवा ०.३ काठिण्यमूल्य आलं म्हणून घाबरू नका, शिकवण्याआधी तसंच यायला हवं. परीक्षेच्या सवयीने ‘फार कठीण’ म्हणून असे प्रश्न गाळले तर सत्राच्या शेवटी मोजायला काही उरत नाही.

शेवटी हीच चाचणी पुन्हा घेऊन वाढ काढायची: नंतरचे टक्के उणे आधीचे टक्के, भागिले शंभर उणे आधीचे टक्के. ३८ वरून ६२ म्हणजे २४ भागिले ६२, सुमारे ०.३९. ही वाढ एकूण गुणांची एकदा काढा, पण खरी कामाची संकल्पनावार. आणि ती फक्त दोन्ही वेळा बसलेल्या मुलांची काढा. आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओच्या प्रवेशफेऱ्या लांबत जातात आणि पहिल्या वर्षाच्या वर्गातून बरीच मुलं मधेच निघून जातात, तीही बहुधा चांगल्या गुणांची. सरसकट सरासरी घेतली तर तुमचं शिकवणं आहे त्यापेक्षा वाईट दिसेल.

गुण द्यायचेच असतील तर पूर्ण उत्तरपत्रिका भरल्याबद्दल दोन-तीन द्या, बरोबर-चूक यावर नको. नाहीतर खात्रीच्या खुणा सगळ्याच ‘खात्री आहे’ होतात. प्रश्नपत्रिका मोजून परत घ्या, फोन पिशवीत, आणि उत्तरसूची सत्र संपेपर्यंत लावू नका. पहिल्या चाचणीनंतर मुलं उत्तर विचारतील. तेव्हा त्याच संकल्पनेचा दुसरा प्रश्न फळ्यावर टाकून चर्चा करा, छापलेल्या प्रश्नाला हात लावू नका. एकदा फोटो व्हॉट्सअॅपवर गेला की तो संच त्या शहरापुरता संपला, म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येक संकल्पनेला चारऐवजी सहा प्रश्न तयार करून दोन हाताशी राखून ठेवा.